पट्टी शाहिराची

अंबरनाथच्या पूर्वेला नाथा भालेरावाला न ओळखणारा माणूस सापडला, तर खुशाल समजावं की तो कालच राहायला आलाय. दिवसा नाथा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कामाला. अंगाला कायम कसला तरी उग्र वास. कुणी नाक मुरडलं की म्हणायचा, "कंपनीचा सेंट आहे, फुकट मिळतो, तुला पाहिजे का?" पण हाच नाथा संध्याकाळी पांढरा झब्बा चढवून, गळ्यात निळं उपरणं टाकून पेटीवर बसला की 'शाहीर नाथा भालेराव आणि पार्टी' होऊन जायचा. बदलापूरपासून विठ्ठलवाडीपर्यंत कुठं जयंती असो, विहाराचा वर्धापन दिन असो, कुणाचं बारसं असो की रिटायरमेंट, भीमगीतांना नाथाचीच पार्टी लागायची.

पार्टी म्हणजे तरी केवढी? पेटीवर नाथा, ढोलकीवर तुषार नावाचा वेल्डर, कोरसला त्या दिवशी मोकळे असतील ते दोघं-तिघं, आणि माईकवर नाथाची भाची यशोधरा. खरं सांगायचं तर लोक भाचीला ऐकायला यायचे. नाथाला हे चांगलं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं, त्यामुळे तो विषय निघाला की त्याला नेमका खोकला यायचा.

या पार्टीचे कायदे होते, आणि ते नाथानंच केलेले असल्यामुळे त्यात दुरुस्ती होत नसे. मोठा कायदा असा की, पट्टी शाहिराची. म्हणजे गाणं किती वरच्या किंवा खालच्या सुरातून उचलायचं ते शाहिराच्या गळ्यावर ठरणार. नाथाचा गळा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात खुलायचा, म्हणून सगळी पार्टी काळी एकला. बाईमाणसाला तो सूर खालचा पडतो, यशोधरेला छातीतून जोर लावून गावं लागायचं. पण नाथा चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, "आमच्या पोरीचा आवाज जाडा आहे, भारदस्त!" आणि गंमत बघा, पेटी होती स्केल चेंजरची. खटका दाबून तिची अख्खी पट्ट्यांची फळी पुढच्या खाचेत सरकवली, की बोटं तिथंच ठेवून सूर वर चढतो. उल्हासनगरच्या ज्या सिंधी शेठजींकडून पेटी घेतली, त्यांनी हौसेनं सरकवून दाखवली होती. नाथानं ती घरी आणून एका खाचेत बसवली ती बसवली.

दुसरा कायदा बक्षिसाचा, पण तो काही नाथाचा एकट्याचा नव्हे, सगळ्याच गायन पार्ट्यांचा. गाणं रंगात आलं की समोरचा कुणीतरी उठतो आणि हात वर करून बक्षिसाची नोट दाखवत पुढं येतो. हात दिसला की ढोलकी हळू झाली पाहिजे, पेटी हळू झाली पाहिजे, आणि माईकवरून नाव पुकारलं पाहिजे, "अमक्या अमक्यांकडून बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे!" मग तीच ओळ देणाऱ्याकडे तोंड करून, दुप्पट जोरात पुन्हा गायची. हात दिसूनही गाणं पुढं रेटलं तर तो देणाऱ्याचा अपमान. हे नाथाच्या हाडामासात इतकं भिनलेलं, की कंपनीत सुपरवायझरनं हात वर केला तरी त्याचे ओठ हलायचे.

तर अशा या नाथाच्या दारात मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कौसाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. कौसाबाई म्हणजे त्याच्या बहिणीची, रंजनाची शेजारीण. दोन खोल्यांच्या मधे एकच भिंत आणि भिंतीला कौसाबाईंचा कान.

"नाथाभाऊ, जय भीम. आधी बसा."

"मी माझ्याच घरात आहे, कौसाबाई. झालं काय?"

"पोरगी पळून चाललीय."

"कुणाची?"

"अहो तुमच्या रंजनाची! यशू! रोज रंजना कामावरून यायच्या आत कुणाशी तरी बोलते. रडते काय, पाया पडते काय. 'मला जाऊ द्या, नाहीतर या घरात माझं मढं बघाल' म्हणते. मी काही कान लावून ऐकत नाही हां, पण आवाज येतो त्याला मी काय करू?"

एक चप्पल आपली, एक बायकोची अशी पायात सरकवून नाथा रंजनाच्या चाळीकडे धावला. दार लोटलेलं. आतून यशोधरेचा आवाज आला, "दार उघडा! नाहीतर मी या खिडकीतून उडी टाकीन!" खोली तळमजल्यावर होती, पण ऐन वेळी कुणाच्या लक्षात राहतं? नाथानं खांदा मारला. दाराला कडी लावलेलीच नव्हती, तो सरळ आत गेला आणि वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात तोंडावर आपटला.

मान वर करून बघतो तर खोलीत दुसरं कुणी नाही. गॅसच्या सिलिंडरला ओढणी गुंडाळलेली आणि त्याच्यासमोर यशोधरा गुडघ्यावर.

"हे काय आहे?" नाथानं विचारलं.

"बाप आहे."

"कुणाचा?"

"माझ्या पात्राचा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुंबईच्या एका कॉलेजात संगीत-रंगभूमीचा तीन वर्षांचा कोर्स होता. गाणं, अभिनय आणि नाच, तिन्ही एकदम. त्याची ऑडिशन जूनमध्ये उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये होणार होती. एक गाणं म्हणायचं, तेही चालता-फिरताना, आणि स्वतः लिहिलेला एक उतारा सादर करायचा. साथीला दोन माणसं आपली आपण आणायची. "निवड झाली तर हॉस्टेल मिळतं," यशोधरा म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं सिलिंडरकडे बघत उच्चारलं, "आणि शिकत असेपर्यंत बाहेरचे कार्यक्रम करायचे नाहीत असा नियम आहे."

पोरगी गेली की माईक रिकामा. माईक रिकामा म्हणजे पार्टी म्हातारी, आणि पार्टी म्हातारी म्हणजे नाथा नुसता कंपनीतला नाथा. हे सगळं त्याला त्या कपड्यांच्या ढिगात बसल्या बसल्या दिसलं. पण बोलायची सोय नव्हती. कारण नाथाचं सगळ्यात गाजलेलं गाणं, शब्द त्याचे, चाल त्याची, होतं ते असं:

उंबऱ्याबाहेर पडलं पाऊल,
आता मागं फिरायचं नाही,
पाटीवरती कोरलं नाव मी,
कुणाच्या हातानं पुसायचं नाही.

या गाण्यावर वस्त्यावस्त्यांतल्या आया डोळ्यांना पदर लावायच्या. पोरींना शिकवा म्हणून नाथा मधे भाषणही ठोकायचा. आता त्या तोंडानं नाही कसं म्हणणार?

तेवढ्यात रंजना कामावरून आली. एमआयडीसीतच गोळ्यांच्या पॅकिंगला जायची ती. तिनं ढिगातला भाऊ बघितला, ओढणीतला सिलिंडर बघितला, पोरीचा चेहरा बघितला आणि तिला न सांगता कळलं.

"कळलं का दादा तुला?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आई आहे मी तिची. तुला सांगायला घाबरत होती. जगाच्या पोरींनी उंबऱ्याबाहेर पडावं म्हणून तू गाणी रचतोस, पण घरातल्या पोरीनं पाऊल उचललं की तुझी चप्पलसुद्धा उलटसुलट होते. बघ खाली."

नाथानं खाली बघितलं. बायकोची चप्पल लगेच काढून तो ताठ उभा राहिला. "कोण नाही म्हणतंय? जायचं. वाजत-गाजत जायचं. साथीला पेटी मी धरणार, ढोलकीला तुषार." यशोधरेनं उडी मारून त्याच्या गळ्यात हात टाकले. रंजना मात्र भावाकडे बराच वेळ बघत राहिली. लहानपणी चिंचा चोरून आणल्या की तो असाच ताठ उभा राहायचा, हे तिला ठाऊक होतं.

तयारी सुरू झाली आणि पहिली ठेच लागली ती वेळेला. कॉलेजवाल्यांनी गाण्याला दीड मिनिट दिलेलं.

"दीड मिनिट?" नाथा ओरडला. "अगं दीड मिनिटात तर मी माईकला फुंकर मारतो! आधी शेर, मग आलाप, मग पाहुण्यांचं स्वागत, मग मुखडा..."

"मामा, नुसतं गाणं."

"नुसतं गाणं म्हणजे काय? काटे काढून मासळी?"

तुषारनं मोबाइलमध्ये वेळ लावली. पहिल्या खेपेला दीड मिनिट संपलं तेव्हा नाथाचा शेरसुद्धा संपला नव्हता. शेर काढला. मग आलाप कापला, तेव्हा नाथानं त्या दिवशी चहा घेतला नाही. पाहुण्यांचं स्वागत काढलं, तर म्हणे माणुसकी उरली नाही. शेवटी मुखडा आणि एक अंतरा हातात राहिला. नाथा त्याच्याकडे डोकं भादरून आलेल्या मुलाकडे आईनं बघावं तसा बघत बसला.

दुसरी ठेच हाताची. यशोधरा लहानपणापासून माईक धरून गायलेली. ऑडिशनला माईक नाही, म्हणजे उजव्या हाताला काम नाही. तिनं आधी लाटणं धरून सराव केला, मग लाटणं काढलं, तर हात तसाच तोंडाशी हवेत लटकलेला. कौसाबाई दारातून बघून म्हणाल्या, "पोरगी कुल्फी खातेय का?" आणि चालता-फिरता गायचं म्हणजे तर संकटच, कारण पार्टीत जो उठला तो पाणी प्यायलाच उठला असं धरायचे. मग ती चाळीच्या गच्चीवर पापड वाळत घातलेल्या चादरींमधून गात गात चालायला लागली. पापडावर पाय पडला की कौसाबाई शिव्या द्यायच्या. त्यामुळे पाय कुठं टाकायचा ते पोरगी झटपट शिकली. कौसाबाईंनी पुढं याचंही श्रेय घेतलं.

पण नाथाचं काय? तो रोज यायचा, पेटी धरायचा, शाबासकी द्यायचा आणि घरी जाताना त्याच्या मनात किडा वळवळायचा. पोरगी चांगली गात होती. फारच चांगली गात होती. निवड होणार, हे त्याला कळून चुकलं. एकदा रिक्षा स्टँडवर उभ्या उभ्या त्याच्या डोक्यात आलं, आणि आलं ते जाईच ना. फळी सरकवली तर? काळी एकवरून एकदम काळी तीन. त्याची बोटं तीच राहणार, बघणाऱ्याला काही दिसणार नाही. पोरगी सवयीनं खाली सूर शोधेल, तो मिळणार नाही, अंतऱ्यात आवाज फाटेल. चार दिवस रडेल, मग पुन्हा माईकवर येईल. कुणाचं काय बिघडलं? उलट शहरातल्या हॉस्टेलमध्ये पोरीचे हाल व्हायचे, ते टळले. माणूस स्वतःला पटवायला बसला की त्याच्याइतका गोडबोल्या वकील दुसरा मिळत नाही.

ऑडिशनच्या सकाळी नाथा पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसला. मधे यशोधरा, पलीकडे ढोलकी आणि तिच्यामागे कुठंतरी तुषार. रंजनाला सुट्टी मिळाली नव्हती. निघताना ती भावाला एवढंच म्हणाली, "दादा, नीट वाजव." उल्हासनगर येईपर्यंत नाथा पेटीवरचा रुमाल काढत आणि घालत राहिला. तुषारला वाटलं, शाहिरांना टेन्शन आलंय. टेन्शन होतंच.

हॉलबाहेर पोरापोरींची झुंबड. कुणी भिंतीला पाय लावून ताणतंय, कुणी मोबाइलवर ट्रॅक लावून तोंडातल्या तोंडात पुटपुटतंय. पेटी-ढोलकी घेऊन आलेले हे तिघंच. एका पोरानं तुषारला विचारलं, "अंकल, लगीन किधर है?" तुषारनं ढोलकी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि म्हणाला, "तुझं ठरलं की सांग, येतो."

पुकारा झाला. आत लांब टेबल, त्यामागं कापलेल्या केसांच्या एक परीक्षक मॅडम आणि मोबाइलमध्ये वेळ लावणारे एक सर. नाथा सतरंजीवर बसला. रुमालानं पेटी पुसायचं नाटक केलं. छाती अशी धडधडत होती, की आता ढोलकीची गरज नाही असं त्याला वाटलं. एकदा वाटलं, नको. मग डोळ्यांपुढं रिकामा माईक आला. त्यानं खटका दाबला आणि फळी वर सरकवली.

यशोधरेनं सूर मागितला. नाथानं सा दिला.

पोरीची मान गर्रकन वळली. तुषारचीही वळली. नाथा छताच्या पंख्याकडे इतक्या भक्तिभावानं बघत होता, जसं काही त्यानं जन्मात पंखा बघितला नव्हता. मग यशोधरेनं समोर बघितलं आणि गाणं उचललं.

उंबऱ्याबाहेर पडलं पाऊल...

आणि आवाज फाटलाच नाही. फाटणं दूर राहिलं, तो मोकळा सुटला. जो सूर इतकी वर्षं छातीतून ढकलून बाहेर काढावा लागायचा, तो नुसतं तोंड उघडल्याबरोबर आपण होऊन आला, आणि हॉलच्या पार शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. जाडा म्हणे! कसला जाडा? पोरीचा आवाज धारदार होता, हसरा होता, त्यात खट्याळपणा होता. नाथाची बोटं वाजवत राहिली आणि तोंड उघडं पडलं. ही चाल त्यानं बांधली होती. ही चाल त्यानं शेकडो वेळा ऐकली होती. आणि आज त्याला वाटलं, आपण ती आज पहिल्यांदाच ऐकतोय. अंतऱ्याला यशोधरा चालायला लागली. पापड चुकवायची सवय लागलेले पाय अलगद पडत होते, आणि उजवा हात कुठल्या कुठं उडत होता. 'कुणाच्या हातानं' म्हणताना तिनं असा काही हेलकावा घेतला, की तुषारनं ढोलकीवर न ठरलेला तुकडा टाकला. नाथाच्या अंगावर काटा आला. आपण काय करायला आलो होतो ते तो साफ विसरला.

दीड मिनिट झालं. मॅडमनी हात वर केला. हातात कागद होता, तो हलवून त्या थांबा म्हणत होत्या.

नाथाला फक्त वर झालेला हात दिसला.

पेटी हळू झाली. ढोलकी त्याच दमात हळू झाली. आणि माईक नसलेल्या त्या हॉलमध्ये शाहीर नाथा भालेरावांचा आवाज खणखणला, "मॅडमसाहेबांकडून आमच्या गायिकेला बक्षीस! पार्टी त्यांची मनापासून आभारी आहे!"

मॅडमचा हात वरच राहिला. सरांनी मोबाइल खाली ठेवला. यशोधरेनं डोळे मिटले, पण तीही त्याच पार्टीत वाढलेली. बक्षीस पुकारल्यावर ओळ पुन्हा म्हटली नाही तर अपमान. ती सरळ टेबलापाशी गेली, मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि दुप्पट जोरात, दुप्पट नखऱ्यानं ती ओळ त्यांच्यासाठी म्हटली. मॅडम आधी गोंधळल्या, मग हसल्या, मग त्यांचं हसू आवरेना. सर टेबलावर ठेका धरून बसले. दाराच्या फटीतून बघणारी पोरं टाळ्या पिटायला लागली.

"अहो काका," हसू ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी थांबा म्हणत होते."

नाथाला तेव्हा कुठं उमगलं. त्यानं जीभ चावली, कान धरले. "सवयीचा दोष, मॅडम. पोरीचे मार्क कापू नका. हवं तर माझे कापा."

"तुमचे कुठून कापू? पण मला सांगा, ही कुठली पट्टी?"

नाथा पेटीकडे बघत म्हणाला, "काळी तीन."

"नेहमी याच पट्टीत गाता?" हा प्रश्न यशोधरेला होता.

"नाही मॅडम. काळी एकला. पार्टीची पट्टी आहे ती. ही आजच."

"कमाल आहे!" मॅडम म्हणाल्या. "तुझा आवाज तर इथला आहे. मग इतके दिवस खाली का गायलीस?"

यशोधरेनं मामाकडे बघितलं. नाथाला वाटलं, सतरंजीनं दुमडून आपल्याला आत घ्यावं. कंपनीत एकदा वाफेचा पाइप फुटला होता, तेव्हा तो इतका घाबरला नव्हता.

"चला, उतारा," सर म्हणाले.

यशोधरेनं आजूबाजूला बघितलं. सिलिंडर काही कुणी आणला नव्हता. समोर बाप म्हणून धरायला काहीतरी हवं होतं. ती वळली, नाथासमोर येऊन गुडघ्यावर बसली आणि तिनं त्याच्याकडे बघून सुरुवात केली.

"बाबा, तुम्ही मला चालायला शिकवलंत. बोलायला शिकवलंत. आता मी चालायला लागले, तर दाराला कडी का घालता? मी कुणाचा हात धरून जात नाही. मी रागावूनही जात नाही. मी जातेय, कारण मला येतं. मला येतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग भिता कशाला, बाबा? तुम्ही एकटे पडाल म्हणून? मला जाऊ द्या."

हे शब्द नाथानं सिलिंडरसमोर डझनावारी ऐकले होते. तिनं ते लिहिले तेव्हा मामा मनात होता की नव्हता, कोण जाणे. पण आता ते सरळ त्याच्या छाताडावर येऊन बसले.

"मला जाऊ द्या," यशोधरा पुन्हा म्हणाली, डोळे त्याच्यावरच.

"अगं जा ना बाई!" नाथा मोठ्यानं म्हणाला. "जा! मी कोण तुला अडवणारा? जा तू!"

आणि पेटीवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. पट्ट्या दाबल्या जाऊन पेटीतून भसाभसा सूर निघाले. उताऱ्याच्या पुढच्या चार ओळी राहिल्याच. सरांनी हळूच विचारलं, "हे उताऱ्यात आहे का?" यशोधरेनं नाक ओढलं आणि म्हणाली, "नव्हतं, सर."

दुपारी दारावर निवडलेल्यांची नावं लावली. गर्दीतून डोकं घालून तुषारनं आधी वाचलं आणि तिथूनच ढोलकीवर थाप मारली. यशोधरा भालचंद्र कांबळे. नाव होतं. यशोधरेनं आईला फोन लावला. रंजना पॅकिंगच्या पट्ट्यावरून किंचाळली ती फोनशिवायही उल्हासनगरात ऐकू आली असती.

तिघंही दाल-पकवानच्या गाडीशी उभे राहिले. तुषार खाण्यात बुडाला. नाथाच्या हातातली ताटली तशीच होती.

"यशू," तो म्हणाला, "मी पट्टी चुकून नाही चढवली. मुद्दाम चढवली. तुझा आवाज फाटावा म्हणून. तू राहावीस म्हणून. मी असा हलकट माणूस आहे बघ."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"तू खटका दाबलास तो सगळ्या हॉलला ऐकू आला, मामा. वर पंख्याकडे बघत बसलास. पंखा बंद होता."

तुषार घास तोंडात असताना हसला आणि त्याला ठसका लागला.

"मग तिथंच बोलली का नाहीस?" नाथा कळवळून म्हणाला. "म्हणायचं ना, मामा, पट्टी चुकली! मी लगेच खाली घेतली असती गं."

यशोधरेनं पकवान मोडलं, डाळीत बुडवलं, आणि खायच्या आधी त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, चेष्टाही नव्हती.

"म्हणूनच नाही बोलले," ती म्हणाली. "किती वर्षं मनातल्या मनात म्हणत होते, मामा, एकदा वर घे, फक्त एकदा. तोंडानं म्हणायची हिंमत झाली नाही. आज तू आपणहून वर घेतलीस, आणि मी म्हणू पट्टी चुकली?"

नाथाचे डोळे पुन्हा भरून आले, आणि खोकला काही आला नाही.

"चुकलीच होती, पोरी," तो म्हणाला. "आज नव्हे. इतकी वर्षं."